तन्वीच्या नावाने लिहिलेला मेल

तन्वी बहारीनहून पुण्याला निघाली त्या सकाळी विमानतळावर मी काउंटरवरच्या माणसाशी भांडत होतो. सामान जास्त भरलं होतं. तन्वी म्हणाली, "बाबा, खलास. लेट इट गो," आणि रॅकेटची पिशवी माझ्या हातात देऊन आत गेली.

दादा, वहिनी, ती आता तुमच्याकडे राहते म्हणून तुम्हाला लिहितोय. आणि इथल्या ज्या मित्रांना मी वर्षभर एकच गोष्ट ऐकवली, त्यांनाही. अमेरिकेतल्या त्या विद्यापीठाने शब्द फिरवला, असं मी सांगत आलो. ते खोटं आहे.

मी मिरज सोडलं तेव्हा आपले अण्णा स्टेशनवर एवढंच म्हणाले होते, "पहिल्या शब्दाला हो म्हणू नकोस." त्या जोरावर मी इथल्या मआमीरजवळच्या गोदामातला स्टोअरकीपर होतो तो मनामात स्वतःच्या पाइप-व्हॉल्व्हच्या दुकानापर्यंत आलो. इथल्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, भाव पटला नाही की दुकानाची पायरी उतरायची. चार पावलांत मागून हाक येते. मला ती नेहमी आली.

तन्वी सात वर्षं ऊन चढायच्या आत कोर्टवर जायची. त्या विद्यापीठातल्या टेनिसच्या प्रशिक्षक बाईंनी तिचे व्हिडिओ पाहिले, तिच्याशी बोलल्या. संघात जागा आहे, प्रवेशासाठी तुझं नाव मी पुढे करते, आठवड्यात कळव, म्हणाल्या. खेळासाठी स्कॉलरशिप आमच्याकडे नसते, हेही स्पष्ट सांगितलं. तन्वी आईच्या गळ्यात पडून रडली. मला तो त्यांचा पहिला भाव वाटला.

तिचं मेलचं खातं मीच उघडून दिलेलं, पासवर्ड माझ्याकडे. तिला न विचारता तिच्या नावाने लिहिलं, की दुसरं विद्यापीठ पूर्ण स्कॉलरशिप देतंय, तुम्ही काय करू शकता? दुसरं विद्यापीठ नव्हतंच. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बाईंनी अभिनंदन केलं, तिथे आनंदाने खेळ म्हणाल्या, आणि आपल्याकडची जागा दुसऱ्या मुलीला दिल्याचं कळवलं. मी पुन्हा लिहिलं, फोन केले. मफी. काही नाही.

मी सगळे मेल पुसले. तन्वीला सांगितलं, त्यांना दुसरी आवडली. तिला बाईंना लिहायचं होतं. मी ओरडलो, "भीक मागायची नाही." त्यानंतर महिनाभर ती सरावाच्या भिंतीवर बॅकहँड मारत राहिली, कारण तोच कच्चा ठरला असं तिला वाटलं. मी गाडीत एसी लावून बघत बसायचो.

आजही वाटतं, बाईंनी तिला एक फोन करायला हवा होता. सात वर्षांची मेहनत एका मेलवर सोडून दिली. डोकं तापतं. मग आठवतं, तो मेल कुणी लिहिला होता.

परवा तिला फोनवर सगळं सांगितलं. तिने विचारलं, "आईला माहीत होतं?" मी नाही म्हणालो. "बाबा, मला आता बोलायचं नाही." हे मराठीत म्हणाली. इथे असताना कायम इंग्रजीत उत्तर द्यायची. तुमच्या घरात राहून एवढं झालं.

इतकी वर्षं इथे मी घर म्हणजे मिरज म्हणायचो आणि मिरजेत आलो की बहारीनचा तोरा मिरवायचो. आता घर म्हणजे तुमच्या फ्लॅटमधली ती खोली, जिथे तन्वी आहे. दिवाळीत यायचं मनात आहे. वहिनी, तिकीट काढण्याआधी तिला विचारा. ती नको म्हणाली, तर मी पुन्हा विचारणार नाही.