वसईतला स्टॉल, लोणच्याची बरणी आणि नेल्सनचं कार्ड

"सहाला प्रदर्शन बंद होतं, त्यानंतर समुद्रच समुद्र," असं मिलिंदने सांगितलं आणि मी पिशवीत पोहण्याचे कपडे भरले. लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी या माणसाच्या अशा वाक्यांना भुलते, याला काही औषध नाही. कपडे जसे गेले तसेच घडीचे परत आले, हे आधीच सांगून टाकते.

नाशिकला आमचं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. जानेवारीत वसईला फोटोग्राफर मंडळींसाठी प्रदर्शन भरणार होतं आणि आम्ही पहिल्यांदाच स्टॉल घ्यायचं ठरवलं. कॅमेरे, लेन्स, ट्रायपॉड, दिवे, बॅगा असं सगळं गाडीत कोंबलं. सर्वात वर माझ्या सासूबाईंची लोणच्याची काचेची बरणी. ती का, ते पुढे येईलच. "फोडलीत तर घरी येऊ नका," असा आशीर्वाद घेऊन आम्ही शुक्रवारी उजाडायच्या आत निघालो.

कसारा घाट धुक्यात उतरला, शहापूरच्या अलीकडे मिसळ खाल्ली. इथवर प्रवास सुखाचा. भिवंडीजवळ अंजूरफाट्याला वळून कामणमार्गे चिंचोटीला निघतो तो रस्ता मात्र कंटेनरवाल्यांसाठी आहे, आपण त्यांचे पाहुणे. प्रत्येक खड्ड्याला मागून ट्रायपॉड खणखणायचे आणि मी मान वळवून बरणी बघायची. काचेचं सामान घेऊन जाणार असाल तर घोडबंदरच्या रस्त्याने जा. गर्दी लागेल, पण मान शाबूत राहील.

राहायची सोय राजोडीला केली होती, एका वाडीतल्या घरात. स्वच्छ खोली, मागे नारळ, पुढे केळी, समुद्र चालत जाण्याइतका जवळ. शनिवार-रविवारीही हॉटेलच्या निम्म्या भाड्यात भागलं. घरमालकीण पार्वतीबाईंनी दारातच विचारलं, "पानी गरम हाय, आंगोल करताव का आदी जेवताव?" दोन्हीला वेळ नव्हता. सामान टाकून निर्मळ, भुईगाव करत वसई पश्चिमेला पोहोचलो. रस्ता अरुंद आहे, पण दोन्ही बाजूंना इतकी हिरवाई की समोरून बस आल्यावर मागे घ्यावं लागलं तरी राग येत नाही.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये होतं. दुपारी दारं उघडली आणि मला वाटलं, आख्ख्या पालघर जिल्ह्यात कॅमेरा नसलेला माणूस उरलाच नसावा. लग्नाचे दिवस चालू होते, नाताळानंतर इथल्या ख्रिस्ती घरांतूनही लग्नं एकामागून एक लागतात, त्यामुळे फोटोग्राफर दोन कामांच्या मध्ये धावत येत होते. मी बिलं करत होते. मिलिंद कॅमेरे दाखवत होता, दोन्ही हातांनी आणि न थांबता.

आता बरणीचं. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड ठेवायची एक पारदर्शक डबी आम्ही विकतो, पाण्यात पडली तरी आतलं कार्ड कोरडं राहतं अशी. बरणी पाण्याने भरायची, डबी तळाशी बुडवायची आणि लोकांना थांबवायचं, ही मिलिंदची कल्पना. "शंभर टक्के वॉटरप्रूफ!" तो दर थोड्या वेळाने ओरडायचा. लोक वाकून बघायचे आणि म्हणायचे, "पण आत तर काहीच नाही." त्यांचंही खरं होतं.

संध्याकाळी नेल्सन आला. नंदाखालचा, पंचविशीतला, खांद्यावर जुना कॅमेरा. त्याच्या कॅमेऱ्यात एकच कार्ड बसायचं. "लग्नात एक कार्ड उडालं की संपलो ना सर," तो म्हणाला, "म्हणून दोन कार्डवाला बघायचाय." त्याने खिशातून स्वतःचं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. हे सगळेच फोटोग्राफर करतात. आमच्या स्क्रीनवर त्यांचा भरवसा नसतो, आपल्या कार्डावर फोटो काढून घरी जाऊन मोठे करून बघतात. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. घरच्या बोलीत तो भराभर बोलायला लागला, त्यातलं मला 'मांडव' एवढंच कळलं. मिलिंदने समोरचं कार्ड कॅमेऱ्यात घातलं, स्क्रीनवर 'कार्ड लॉक' आलं. त्याने ते काढून आमच्या कार्डांच्या ट्रेमध्ये टाकलं आणि त्यातलं दुसरं घातलं. नेल्सनने फोन ठेवला, मनसोक्त फोटो काढले, कॅमेऱ्यातलं कार्ड काढून खिशात घातलं आणि "उद्या येतो" म्हणून गेला.

दिवस संपल्यावर स्टॉलवरची सगळी कार्डं पुसून कोरी करायची, हा आमचा नेम. मिलिंदने ती केली, आणि लॉक असलेलं एक बाजूला काढलं. कार्डाच्या कडेला लॉकची बारीक खिट्टी असते. दुकानात एखादं कार्ड बिघडलं की आम्ही ती खाली ओढून ठेवतो, म्हणजे चुकून कुणाला दिलं जात नाही. "हे मेलेलं आहे," मिलिंद म्हणाला, "बरं सापडलं." त्याने ते डबीत घातलं आणि डबी बरणीत बुडवली. मग आम्ही आगाशीचं भुजिंग खायला गेलो. कोळशावर भाजलेलं चिकन आणि पोहे असं एकत्र मी कधी खाल्लं नव्हतं. पोटभर खा, खिसा फारसा हलका होत नाही. त्यानंतर समुद्राकडे बघायचीही ताकद नव्हती.

शनिवारी हॉल उघडतो न उघडतो तोच नेल्सन समोर उभा. रंग उडालेला.

"सर, माझं कार्ड तुमच्याकडे राहिलंय. घरी जाऊन लावलं तर त्यात मॅडमचे आणि भिंतीचे फोटो!"

"मग त्यात काय, कोरं कार्डच ना?" मिलिंद म्हणाला.

"कोरं नाही ना! दोन होती खिशात, मी चुकीचं दिलं. परवाचं अख्खं लग्न आहे त्यात. अजून कॉपी पण नाय केलंय."

मिलिंद माझ्याकडे बघायला लागला आणि मी मिलिंदकडे. सगळी कार्डं आदल्या संध्याकाळीच पुसली होती. हे त्याला सांगायचं कुणी? शेवटी मीच सांगितलं. नेल्सन मागच्या खोक्यावर मटकन बसला. नवरा बोटीवर कामाला, लग्न लागलं आणि दुसऱ्या दिवशी तो जहाजावर गेलासुद्धा. पुन्हा उभं करून फोटो काढायची सोय नाही. नवरीची आत्या, जी फोटो म्हटलं की आत पळते, ती त्या दिवशी लाल लुगडं नेसून, दागिने घालून, स्वतः खुर्ची ओढून समोर बसली होती. "आणि माझं हे पहिलंच स्वतःचं लग्न," तो म्हणाला आणि मग घाईने, "म्हणजे काम!" एरवी मी हसले असते.

त्याच्या कार्डामागे निळ्या पेनाने फुली होती. आम्ही ट्रे उलटा केला, कॅमेरे उघडले, कचऱ्याची पिशवी मी स्वतः उपसली. फुलीचं कार्ड कुठेच नाही. समोर गर्दी वाढत होती. मिलिंद एका गिऱ्हाइकाला लेन्स दाखवत दुसऱ्या हाताने बॅगांचे कप्पे चाचपडत होता. लोकांचा आपल्यावर विश्वास असतो म्हणून ते स्टॉलवर येतात, आणि आपण त्यांचं लग्नच गिळून बसलो, असं मला वाटत होतं.

दुपारी एव्हरशाईन सिटीतून आलेल्या एक बाई बरणीपाशी थांबल्या. नवऱ्यासाठी डबी घ्यायची होती. "आत खरंच कार्ड आहे की नुसता पुठ्ठा?" त्यांनी विचारलं. मी बाही वर करून डबी बाहेर काढली, पदराने पुसली आणि त्यांना दाखवायला उलटी केली. मागच्या बाजूला निळी फुली.

"मिलिंद!" माझा आवाज असा निघाला की शेजारच्या स्टॉलवाला धावत आला.

नेल्सनने ते बघितलं आणि डोक्याला हात लावला. "लॉक मीच केलेलं. लग्न पूर्ण झालं की मी लॉक करतो, कुणी पुसू नये म्हणून."

"आणि आमच्याकडे लॉक म्हणजे मेलेलं," मिलिंद पुटपुटला.

त्या खिट्टीनेच ते पुसलं जाण्यापासून वाचवलं होतं, हे आमच्या लक्षात आलं. पण नंतर ते रात्रभर आणि अर्धा दिवस पाण्याखाली होतं. दोन दिवस 'शंभर टक्के' म्हणून ओरडणाऱ्या माझ्या नवऱ्याने डबी माझ्या हातून घेतली. त्याने डबी नॅपकिनने पुसली, पुन्हा पुसली, कडेचं पाणी फुंकलं.

"उघडा ना सर," नेल्सन म्हणाला.

"तूच उघड बाबा."

नेल्सनने झाकण उचललं आणि आत बोट फिरवलं. कोरडं. कार्ड लॅपटॉपला लावलं, क्षणभर काही आलं नाही, आणि मग स्क्रीनभर लाल लुगड्यातली आत्या, हनुवटी वर, कॅमेऱ्यावर रोखलेली नजर. त्यापाठोपाठ मांडव, चर्चची पायरी, नवरा-नवरी, सगळं जागच्या जागी. नेल्सन हसत होता आणि बाहीने डोळे पुसत होता. मी त्याच्याच खोक्यावर जाऊन बसले. मला रडू आलं आणि त्याची मुळीच लाज वाटली नाही. एव्हरशाईनच्या बाईंनी आमच्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मला तीन द्या."

रविवारी सामान बांधल्यावर नेल्सन आम्हाला नंदाखालला घरी जेवायला घेऊन गेला. त्याने दोन कार्डांचा कॅमेरा घेतला होता आणि गळ्यातून काढत नव्हता. त्याच्या आईने निघताना केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेली सुकेळी दिली. वसईची ही वाळवलेली केळी मिळाली तर सोडू नका, वाटेतच संपतात. कामणचा रस्ता तोच होता, खड्डे तेच होते, पण येताना मी खुशाल झोपले.

बरणी धड परत आली. सासूबाईंनी ती उजेडात धरून तपासली आणि आमच्याकडेच ठेवा म्हणाल्या, कॅमेऱ्याच्या पाण्याच्या बरणीत आता लोणचं घालवत नाही म्हणे. बिघडलेली कार्डं आम्ही आता कात्रीने कापतो. लॉक असलेलं कार्ड दिसलं की आधी विचारतो, कुणाचं आहे. समुद्र राहिलाच, पण खरं सांगते, त्याची चुटपुट नाही.

बरणी दुकानात काउंटरवर आहे, पाणी भरून. परवा एका गिऱ्हाइकाने डबीकडे बोट दाखवून विचारलं, "नक्की पाणी जात नाही ना?"

मी मिलिंदच्या 'शंभर टक्के'ची वाट बघत होते. त्याने डबी बाहेर काढली, पुसली आणि त्या माणसाच्या हातात ठेवली.

"वसईचं एक लग्न होतं हिच्यात," तो म्हणाला. "अख्खं. सुखरूप घरी गेलं."