बैल नव्हते तेव्हाची गाडी

आमच्या घरच्यांनी गाडी बनवली तेव्हा तिला इंजिन बसवलं, गिअरबॉक्स बसवला, सायलेन्सर काढून फेकला, पुढे नारळ बांधला, आणि मग मामाच्या लक्षात आलं की बसायला जागाच ठेवलेली नाही.

हसू नका. यात वेडेपणा कमी आणि परंपरा जास्त होती. आमच्याकडच्या घाटात, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या सरळ चढाच्या वाटेवर, गाड्यात माणूस बसत नाही. पुढे घोडी, घोडीवर स्वार, आणि तिच्यामागे चार बैल मोकळा गाडा घेऊन सुटतात ते थेट वरच्या निशाणापर्यंत. किती सेकंदांत गेले त्यावर इज्जत ठरते. आजोबा-पणजोबांपासून आमच्या घरात हेच चाललेलं. त्यामुळे पळणाऱ्या वस्तूत कुणीतरी बसावं लागतं, ही कल्पना आमच्या पुरुषांच्या डोक्याला कधी शिवलीच नव्हती.

गाडीची वेळ आली ती बंदीमुळे. शर्यतीत बैलांचे हाल होतात असं म्हणून कोर्टाने शर्यती थांबवल्या. होतही असतील कुठे. आमच्या बैलांना मात्र रोज दूध, अंडी आणि उडदाची भिजवलेली डाळ मिळायची, आणि आईला तू जेवलीस का असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. बंदी लांबत गेली. आबा, म्हणजे माझे वडील, मांडवगण फराट्याच्या अलीकडे नदीकाठी ऊस आणि कांदा करणारा माणूस. पण ऊस आणि कांदा हा त्यांचा उद्योग होता, नाद बैलांचा. गोठ्यात नुसते उभे राहून रवंथ करणारे शर्यतीचे बैल त्यांना बघवेनात. शेवटी त्यांनी काळजावर दगड ठेवून चारही विकले.

बैल गेले, खुराकाची सवय गेली नाही. पहाटे दुधाचं भांडं आणि फोडलेली अंडी घेऊन आबा गोठ्यापर्यंत जायचे, रिकामी दावण बघून माघारी फिरायचे, आणि वाटेत जो सापडेल त्याला ते प्यायला लावायचे. वाटेत नेहमी दादाच सापडायचा. माझा हा थोरला भाऊ दोन वर्षांत असा काही भरला की शर्ट घातला की बटणं जीव मुठीत धरून बसायची.

पुढे पुढे आबा बाजेवरच पडून राहायला लागले. शेतावर जाणं कमी झालं, बोलणं त्याहून कमी. जत्रेच्या दिवशी तर चादर तोंडावरून ओढून घेतली ती संध्याकाळपर्यंत काढली नाही. आई वरून चिडचिड करायची, पण आतून घाबरली होती. तिने आपल्या भावाला, यवतच्या मामाला, फोन केला. मामाचं हायवेला गॅरेज होतं. तो आला, बाजेच्या कडेला बसला आणि म्हणाला, "दाजी, बैल न्हाई तर न्हाई. आपुन इंजन पळवू घाटात. इंजनावर बंदी न्हाई."

"इंजनाला जीव हाय का?" आबा चादरीतूनच म्हणाले.

"न्हाई म्हनून तर कोर्ट गप हाय!"

चादर जराशी हलली.

जुन्या जीपची चासी आली, हायवेला ठोकून पडलेल्या एका पिकअपचं इंजिन आलं. गोठ्यातच काम सुरू झालं. मामा आणि दादा वेल्डिंग करायचे, आबा आधी बाजेवरून सल्ले द्यायचे, मग उठून जवळ यायला लागले. इंजिनाला हात लावण्याआधी ते त्याच्या पाया पडायचे. संध्याकाळी बॉनेटवरून ओलं फडकं असं फिरवायचे की जणू बैलाचं वशिंडच पुसतायत. एकदा त्यांनी मामाला अगदी गंभीरपणे विचारलं, "डिझेलमधी वाईच तूप घातलं तर चालंल का?" मामाने हात जोडले.

सगळ्या उद्योगात शहाणा प्रश्न एकटीने विचारला. आई चहा घेऊन आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "पळंल ही. पण थांबंल कशी?"

"वर मान्सं असत्यात की धरायला," आबा म्हणाले.

बैलांना वर माणसं धरतात, हे खरंच होतं. आमच्या घरात कुणालाही पळणारी गोष्ट थांबवायचं शिक्षण मिळालेलं नव्हतं, ते काम नेहमी दुसऱ्यांचं. मामाने आबांची नजर चुकवून ब्रेक बसवले. उगाच वजन वाढवलं म्हणून आबा पुढे बरेच दिवस हळहळत होते.

मग तो बसायच्या जागेचा शोध लागला. गाडी चालवायला माणूस लागणार आणि माणसाला वजन असतं, हे कळल्यावर आबांचा चेहरा पडला. कांदा मोजायचा काटा मधोमध ठेवला गेला. मामा चढला. बाद. आबा स्वतः चढले, आकडा बघून काटा बिघडलाय म्हणाले. दादा चढला तेव्हा सगळे आबांकडे बघायला लागले.

"तुमीच पाजलंय," दादा तोंड पाडून म्हणाला.

मी तेव्हा दौंडला कॉलेजात जायचे. घरचा ट्रॅक्टर मला चालवता येत होता, कारण दादा ट्रॅक्टरवर बसला की त्याला झोप लागायची. मी रिकामे कप गोळा करत होते. आबांनी माझ्याकडे पाहिलं. बैल पारखताना बघायचे तसं, खुरापासून शिंगापर्यंत. "चढ गं जरा," म्हणाले.

मी चढले. आबा इतके खूश झाले, की आपली पोर किती वाळली आहे याचा एवढा आनंद झालेला बाप मी पुन्हा पाहिला नाही.

इथे एक अडचण होती. आमच्या गावात बायका घाटात उतरत नाहीत. लांबच्या बांधावर बसून बघायचं, तेही स्वयंपाक उरकून. लिहिलेला नियम नाही, पण लिहिलेले नियम तरी कोण पाळतं? यात्रा कमिटीची म्हातारी मंडळी आमच्या ओट्यावर येऊन बसली. आबांनी शांतपणे मांडलं, "बाईची अडचन बैलाला व्हती. इंजनाला न्हाई. आता बैलच न्हाईत, तर अडचन ऱ्हायलीच कुनाची?" मंडळींनी बराच विचार केला. इंजिनाच्या सोवळ्याओवळ्याबद्दल वाडवडील काहीच सांगून गेले नव्हते. चहा पिऊन त्यांनी होकार दिला. आबा त्या काळात माझ्यासाठी नव्हे, गाडीसाठी भांडत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. फुकट मिळालेल्या गाईचे दात कोण मोजतो?

जत्रेच्या दिवशी गाडी घाटाच्या पायथ्याशी उभी राहिली. माझ्यासाठी ट्रॅक्टरची जुनी सीट बसवलेली होती. निवेदकाला बैलांचीच सवय. त्याने भोंग्यावरून आबांचं नाव घेतलं, गावाचं घेतलं, खोंडांच्या खानदानाबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि अडला. मग म्हणाला, "चासी पुण्याची, इंजान हायवेचं!" निशाण पडलं. मी क्लच सोडला.

पहिल्या क्षणी मागची चाकं मातीत नुसतीच फिरली आणि मला वाटलं संपलं. पाय जरा उचलला, चाकांनी जमीन पकडली, आणि गाडीने मला असं मागे ढकललं की टोपी उडून गेली. दोन्ही बाजूंनी तोंडं, फेटे, पिवळा भंडारा, आणि कानात इंजिनाशिवाय काही नाही. वरच्या टोकाला दहा-बारा धडधाकट गडी सवयीने हात पसरून उभे होते. गाडी जवळ आल्यावर त्यांना बैल आणि गाडी यांतला फरक एकदम समजला आणि ते शेजारच्या ज्वारीत गडप झाले. मी ब्रेक मारला. देवळाच्या पायरीपाशी गाडी थांबली. मी मोठमोठ्याने हसत होते. तेवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर लग्नातही झाला नाही.

आमच्याशिवाय दुसरी गाडीच नसल्याने पहिला नंबर आमचा. आबांनी तो अत्यंत विनयाने स्वीकारला.

दुसऱ्या जत्रेपासून मात्र लोकांनी ईर्षेने गाड्या बनवल्या. खुटबावहून एक आली, तिचं पुढचं अंग तीनचाकी टेम्पोचं होतं आणि ती वळत असे तिच्या मर्जीने. एकाने पाण्याच्या पंपाच्या इंजिनावर गाडी केली, ती अर्ध्या चढावर पोचेपर्यंत पुढची गाडी सोडून द्यायचे. पण दोन-तीन गाड्या खरंच तगड्या होत्या, आमच्याहून मोठ्या इंजिनांच्या. त्यांचं इंजिन मोठं, पाय जड. निशाण पडलं की पुरुष लोक ॲक्सिलेटर असा दाबायचे की जुनं भांडण काढतायत, आणि मातीत चाकं पुरून बसायचे. मी कॉलेजातून एसटीने परत आले की दप्तर टाकून शेताच्या कच्च्या वाटेवर सराव करायचे. किती सोडायचं, कधी धरायचं, इंजिन कुठे कुरकुरतं, सगळं पायाला कळायला लागलं. एकदा हरले, बाकी जत्रा मी मारल्या.

मी मारल्या हे फक्त मी म्हणते. भोंग्यावर पुकारायचे आबांचं नाव, कारण गाडा मालकाच्या नावाचा असतो. फेटा आबांना. भंडारा बॉनेटवर. फोटोत आबा बॉनेटवर हात ठेवून उभे, आणि मागे काचेच्या जागी माझं अर्धं हेल्मेट. तरी रात्री जेवताना आबा आईला सांगायचे, "पोरीचा पाय लई हलका हाय." बस, एवढंच. त्या एका वाक्यावर मी पुढचं वर्ष काढायचे. बाज तर केव्हाच गोठ्यात अडगळीला गेली होती. आबा पहाटे उठून पाणी धरायचे, येता-जाता गाडीवर हात फिरवायचे, आईशी भांडायचे. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं होतं.

आणि मग बंदी उठली.

बातमी मोबाईलवर आली आणि गाव वेडं झालं. चौकात फटाके, हलगी, भंडारा. म्हातारे एकमेकांना उराउरी भेटत होते. आबा, ज्यांच्या गुडघ्यांना पायरी चढवत नव्हती, ते उडी मारून नाचत होते. मी गोठ्यात होते, येणाऱ्या जत्रेसाठी गाडीच्या एअर फिल्टरची जाळी धूत होते. हलगी ऐकली, दादाने दारातून ओरडून बातमी सांगितली, आणि मला एकदम रडू कोसळलं. थांबेचना. तेवढ्यात आबा आले, दोन्ही मुठी भंडाऱ्याने भरलेल्या. मला बघून तेही रडायला लागले. माझ्या कपाळाला भंडारा फासला, मला जवळ घेतलं आणि म्हणाले, "रडू नगं पोरी. आपलं दिस आलं."

महिन्याभरात बैल आले. देखणे होते, खोटं कशाला बोलू. पुढच्या जत्रेला मी सवयीने घाटाच्या पायथ्याशी गेले, तर कमिटीतले एक आजोबा प्रेमाने म्हणाले, "ताई, बायकांनी बांधावर." आबा चार हातांवर उभे होते. बैलाची वेसण सैल नव्हती, तरी ते ती सारखी करत राहिले. मी बांधावर गेले. आबांचा गाडा चांगला पळाला आणि मी टाळ्याही वाजवल्या. उन्हाळ्यात मामाने गाडीचं इंजिन उतरवून कडबाकुट्टीला जोडलं. वीज गेली की बैलांचा चारा त्यावर कुटायचा. ज्या इंजिनावर मी जत्रा मारल्या ते बैलांच्या वैरणीला लागलं, आणि घरात कुणालाही यात काही वावगं दिसलं नाही.

त्यानंतर माझं लग्न झालं, दौंडला. आता गाडीची गोष्ट आमच्या घरची करमणूक आहे. पाहुणे आले की दादा काट्याचा किस्सा सांगतो, मामा तुपाचा, आई ब्रेकचा. आबांचा किस्सा शेवटी असतो. "बंदी उठली तवा सारं गाव नाचत व्हतं, आन् माझी पोर गोठ्यात बसून रडत व्हती. आनंदानं! एवढा नाद बैलांचा बापालाबी न्हाई." पाहुणे कौतुकाने माझ्याकडे बघतात. मी पदर सारखा करते.

या जत्रेला माझे सासरे बरोबर आले होते. आबांनी तो किस्सा त्यांनाही ऐकवला, नेहमीच्या थाटात. दुपारी सगळे आडवे झाल्यावर आबा गोठ्यात बैलांना पाणी दाखवत होते. मी तिथे गेले आणि का कोण जाणे, पहिल्यांदाच म्हणाले, "आबा, मी आनंदानं नव्हते रडले."

बैलाचं पिऊन होईपर्यंत त्यांनी बादली धरून ठेवली. मग खाली ठेवली.

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "तवाच कळलं व्हतं."

"मग तसं सांगता कशाला सगळ्यांना?"

आबांनी बैलाच्या मानेवर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

"मला बैल पायजे व्हते, पोरी," ते म्हणाले.