थराचा खिमा

आई माझ्याकडे डोंबिवलीला राहायला आली तेव्हा तिचं जेवण जवळजवळ सुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य राहू द्या, मागेल ते करून घाला. आईने मागितला थराचा खिमा, आणि तोही मोठ्याचा.

कल्याणच्या आमच्या चाळीत तो रविवारी व्हायचा. पातेल्याच्या तळाला बटाट्याच्या चकत्या, त्यावर मसाल्यात परतलेला खिमा, वरून फेटलेली अंडी आणि झाकणावर निखारे. गाय-बैल बंद झाल्यापासून मोठ्याचं म्हणजे म्हशीचंच मिळतं. पण हे सांगूनही लोकांच्या कपाळावरची आठी जात नाही, म्हणून मी सांगत बसत नाही. हे घर भाड्याने घेताना एजंटने विचारलं होतं, "खाण्यापिण्याचं काय?" जात विचारायची लाज वाटली की लोक जेवण विचारतात. मी चिकन-मासे म्हणाले आणि गप्प बसले.

तर कल्याणला जाऊन खिमा आणला. स्टीलच्या डब्यात खिमा, डबा भाजीच्या पिशवीत आणि वर मेथीची जुडी. घरी येऊन सगळ्या खिडक्या लावल्या, दाराच्या फटीला ओलं फडकं लावलं, उदबत्ती पेटवली. कांदा-लसूण आणि आमच्या घरचा काळा मसाला परतताना धुराने डोळे चुरचुरत होते आणि डोक्यात नुसता संताप होता. आईसाठी स्वयंपाक करतेय की चोरी? निखाऱ्यांच्या जागी ओव्हन वापरला, बाकी सगळं तिच्याच पद्धतीने केलं.

ताट घेऊन गेले तर तिने आधी विचारलं, "शेजारी वाटी दिलीस?"

चाळीत तसा नियमच होता. पहिली वाटी शेजारी जायची, मग आम्ही जेवायचो.

"इथे नाही देता येत गं, आई."

"का? खात नाहीत ती?"

"तसं नाही. कळलं तर घर सोडायला लावतील."

मला वाटलं, भडकेल. ती नुसती बंद खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "निदान ती खिडकी तरी उघड. असं लपूनछपून माझ्या घशाखाली नाही उतरायचं."

तिने ताटाला हात लावला नाही. शेवटी मी खिडकी उघडली. खमंग वास बाहेर पसरला. खालच्या मजल्यावर कुणीतरी मोठ्याने काहीतरी बोललं आणि मी दाराकडे बघितलं.

आई जेवली, अगदी ताट पुसून जेवली. जेवता जेवता बरंच काही बोलत होती, मध्येच हसलीसुद्धा. कुणी आलं नाही, काही झालं नाही.

त्यानंतर तिला तसं जेवण कधी गेलं नाही आणि महिन्याभरात ती गेली. त्या दुपारी ती काय बोलत होती, ते आज डोक्याला कितीही ताण दिला तरी मला आठवत नाही. माझे कान दाराच्या बेलकडे लागले होते.