सगळ्यांत लांब हात

आयोगाला ‘चहा घेणार का?’ असं विचारलं की तो हो-नाही म्हणत नसे. ‘कोण करणार हाय?’ असं उलट विचारी. मी करणार म्हटलं तर माझा अभ्यास मोडतो हे त्याला खटके. तो करणार म्हटलं तर पातेलं घासायचं माझ्यावर येतं, तेही खटके. टपरीवर जाऊ म्हटलं तर, ‘खोलीत दूध हाय, त्ये नासंल की मंग.’ एवढा विचार होईपर्यंत दूध खरोखरच नासलेलं असे आणि मी चिडून एकटाच टपरीवर गेलेला असे.

त्याचं खरं नाव हजेरीपुरतं होतं. कुठलीही साधी गोष्ट निघाली की हा तिच्यावर बसणार, सगळ्या बाजूंनी चौकशी करणार आणि निकाल काही लागणार नाही, म्हणून पहिल्याच वर्षी वर्गानं त्याला ‘आयोग’ करून टाकलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. शिरूरजवळच्या एका कॉलेजात आम्ही दोघं मेकॅनिकलला होतो आणि गावात एका खोलीत राहत होतो. मी दौंड तालुक्यातला, भांडगावचा. तो कवठे येमाईचा. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन गावोगाव फिरत. वडिलांनी, म्हणजे आबांनी, मेंढरं विकून गाया घेतल्या आणि ते एका जागी राहिले. ‘आमच्या घरात एका जागी बसून इचार करणारा मीच पयला,’ असं आयोग म्हणायचा. त्यात त्याला अभिमान होता की काळजी, ते मला कळत नसे.

त्या काळी ड्रॉइंगच्या मोठ्या शीट हातानं काढाव्या लागत, आणि त्या कुणीच मनानं काढत नसे. मागच्या वर्षीच्या पोराची शीट काचेवर पसरायची, तिच्यावर कोरा कागद, काचेखाली दिवा, आणि रेषेवर रेष ओढायची. याला ‘जीटी मारणं’ म्हणत, जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. शिरूरला दुपारची वीज नसायची. मग आम्ही काच गच्चीच्या दारात सावलीला मांडायचो आणि बाहेर उन्हात आरसा धरून खालून कवडसा पाडायचो. सगळा वर्ग असा पास होत आला होता.

एकदा त्या मूळ शीटमध्येच एक बोल्ट अशा कोपऱ्यात होता की तिथं पाना फिरलाच नसता. प्रत्येकाच्या शीटवर तो बोल्ट इमानेइतबारे त्याच कोपऱ्यात उतरला. आयोग एकटा म्हणाला, ‘ह्यो आवळणार कोण? आन् कसा?’ त्यानं शीट स्वतः काढली, बोल्ट सरकवला, आणि सगळ्यांत वेगळी दिसली म्हणून सरांनी नेमकी तेवढीच शीट फुली मारून परत दिली. हा विचारायला गेला तर सर म्हणाले, ‘सगळा वर्ग चुकेल का?’ दुसरा कुणी असता तर सरांना शिव्या घालत आला असता. हा आला तो विचारात पडून. ‘सर म्हंत्यात त्ये बी खरं हाय, लका. समदा वर्ग कसा चुकंल?’

त्यानंतरही त्यानं कधी जीटी मारली नाही. पण आमच्यासाठी आरसा धरायला मात्र तो भर उन्हात उभा राही. डोकं तापलं की विचारी, ‘आरसा धरणं चोरीत येतं का रं?’

‘गप धर. हलवू नको,’ मी म्हणायचो. रेष वाकडी यायची.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला आम्ही दोघं एकत्र होतो. बाकीच्यांनी आयते विषय उचलले. आयोग म्हणाला, कडबा कुट्टी. आमच्याकडे दारोदार गाया आल्या तशी वैरण बारीक करायची ही मशिनंही दारोदार आली होती. पुढच्या तोंडातून वैरण सारायची, आतले रोलर ती ओढून घेतात आणि पाती तिचे तुकडे करतात. वैरणीबरोबर कधी कधी हातही ओढला जातो. आमच्या भांडगावशेजारच्या यवतच्या बाजारात कुणी हात फडक्यात गुंडाळून दिसला तर काय झालं असं कुणी विचारत नसे. ‘कुट्टी,’ एवढं म्हणून लोक पुढं भाव विचारायला लागत. आयोगाचं म्हणणं, असं तोंड करायचं की कुणाचाही हात रोलरपर्यंत पोचताच कामा नये.

पुस्तकात लिहिलं होतं, सगळ्यांत लांब हात धरा आणि त्याहून थोडं जास्त अंतर ठेवा. झालं. आयोगानं शिंप्याकडून टेप आणली आणि आमच्या गच्चीवर पोरांची रांग लावली. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत एकेकाचं माप घेतलं. सगळ्यांत लांब हात माझा निघाला. पोरांनी मला वर्षभर त्यावरून छळलं. आयोगानं मात्र माझा हात असा निरखून पाहिला, की जणू उद्या त्याचं लग्नच ठरवायचं आहे.

यवतला माझ्या ओळखीचे एक आण्णा होते, त्यांचं शेतीच्या अवजारांचं वर्कशॉप. तिथं एक जुनं मशीन घेऊन त्याला आम्ही पत्र्याचं लांबलचक तोंड वेल्डिंग करून घेतलं. सर खूश झाले. कॉलेजात ठेवायला जागा नव्हती आणि आबांना मशीन हवंच होतं, म्हणून दिवाळीत ते टेम्पोतून कवठ्याला गेलं. आयोगाला मी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचंच निर्धास्त पाहिलं. ‘आता आईला काय व्हणार न्हाई,’ तो म्हणाला.

संक्रांतीला मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. अंगणात शिरलो तर एका पत्र्याच्या पन्हळीत कोंबड्या दाणे टिपत होत्या. आयोग थबकला. ती पन्हळ म्हणजे आमच्या मशिनचं तोंड होतं. पलीकडे गोठ्यात मशीन घरघरत होतं आणि आई उघड्या रोलरच्या वीतभर अलीकडे मुठीनं वैरण सारत होती.

‘आई, तोंड कुणी कापलं?’

‘मीच कापाया लावलं. येल्डिंगवाला आला हुता वाडीला.’ ती काम न थांबवता म्हणाली. ‘लई लांब करून ठिवलं तू. माझा हात निम्म्यात बी जात न्हाई. कडबा जातू, पर हिरवा घास, मक्याचं बारीक, समदं मधीच आडकतं. मंग काय मशिनीला हात जोडून बसू?’

आई चणीनं एवढीशी होती. घरात वैरण तीच घालायची. आयोगही ठेंगणा, आबाही ठेंगणे. त्या घरात माझ्याएवढा हात कुणाचाच नव्हता. गच्चीवर रांग लावून आम्ही इतके हात मोजले, पण ज्या हातासाठी मशीन करत होतो तो कवठ्यातच राहिला होता. मला हसू आलं, मग आई वाकली आणि तिचा पदर रोलरजवळ गेला, तेव्हा ते आपोआप थांबलं.

 जाताना आयोगानं मोटारीवरून मशिनचा पट्टा काढला आणि पिशवीत घातला.

तो पट्टा शिरूरला आमच्या खोलीत खिळ्यावर लटकत राहिला. आयोग जेवताना त्याच्याकडे बघायचा. ‘मशीन बंद हाय, म्हंजी आई कोयत्यानं तोडत आसंल. तिची कंबर धरती. पट्टा लावला तर हाताचं भ्या. कंबर का हात, सांग की.’ मी म्हणायचो, अरे गावातली सगळी मशिनं अशीच आहेत, सगळ्यांचे हात काय तुटलेत? तो म्हणायचा, ‘सगळा वर्ग चुकंल का, तसंच म्हंतूयास तू.’  खरं सांगतो, मला त्याचा वैताग यायचा आणि मी ताट उचलून धुवायला जायचो.

एक दिवस दुधाच्या गाडीतून आबाच येऊन उभे राहिले. टोपी काढून खाटेवर बसले, पाणी प्यायले आणि खिळ्याकडे बघून म्हणाले, ‘पट्टा दे.’

‘आबा, तुमी समजून घ्या. हात जाईल तिचा.’

‘आन् तुझी आई रोज कोयता घिऊन वाकती, त्ये कुणी समजून घ्यायचं? काल उठाय येत नव्हतं तिला. तू हितं बसून इचार कर. तिकडं गाया इचार खात न्हाईत.’

आयोगानं माझ्याकडे पाहिलं. मी पट्ट्याकडे पाहिलं. शेवटी त्यानं पट्टा काढून आबांना दिला, आबा दारापर्यंत गेले, तसा त्यांच्या हातातून परत घेतला, आणि चप्पल घालून म्हणाला, ‘चला, मी बी येतू.’

प्रोजेक्ट सबमिशन तोंडावर आलं असताना हा पठ्ठ्या घरी जाऊन बसला. तिकडं तो स्वतः वैरण घालत होता, आई शेजारी बसून हसत होती, असं त्यानंच नंतर सांगितलं. कडबा, घास, मका, उसाचं वाढं, एकेक करून त्यानं घालून पाहिलं. आईच्या हाताचं माप घेतलं. मग वाडीच्या वेल्डिंगवाल्याकडून नवं तोंड बसवलं. आईचा हात पुरा आत गेला तरी बोटं रोलरच्या जरा अलीकडेच राहतील आणि बारीक वैरणही सरकेल, अशा बेताचं. आई एकदम खूश. आयोग परत आला तो पुन्हा चेहरा पाडून.

‘आता काय झालं?’

‘आईचा पोचत न्हाई. आबांचा न्हाई, माझा न्हाई. पर तुझा पोचतू. पार रोलरात जातू.’

‘मी कशाला तुमच्या गोठ्यात वैरण घालायला येतोय?’

‘आलास तर?’

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ड्रॉइंग पाहून मान डोलावली. ‘छान. म्हणजे आता कुणाचाही हात जाणार नाही.’ मी लगेच ‘होय सर’ म्हणालो. आयोग म्हणाला, ‘न्हाई सर. ह्याचा जातू.’ आणि माझा हात मनगटाला धरून वर केला. सगळ्यांसाठी करावं तर आईला चालत नाही, आईसाठी करावं तर सगळ्यांना चालत नाही, हे त्यानं सविस्तर सांगितलं. परीक्षकांनी विचारलं, ‘मग तुमचं डिझाइन बरोबर आहे की चूक?’ ‘तेच कळंना, सर,’ आयोग म्हणाला. आम्ही दोघं जेमतेम पास झालो. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

पुढे यवतच्या आण्णांनी त्याला कामावर घेतलं. पात्यांची त्याची समज चांगली होती. पण गिऱ्हाईक आलं की हा आधी विचारी, ‘वैरण कोण घालतं तुमच्यात?’ बहुतेक जण म्हणत, मंडळी. ‘मंग त्यांच्या हाताचं माप आणा.’ एकदा एक मिशीवाले पाहुणे त्याच्या अंगावर धावून गेले. ‘माझ्या बायकुच्या हाताचं माप तुला कशाला पायजे रं?’ आण्णांनी मधे पडून सोडवलं आणि आयोगाला बाजूला घेतलं. ‘तू मशीन इकतूस का झंपर शिवतूस?’ लोक आखूड तोंडाचं मशीन मागत होते, स्वस्त आणि झटपट. आण्णा म्हणाले, तुला विचारत बसायचं असेल तर दुसरीकडं बस. आण्णा वाईट नव्हते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो, आणि हे मला अजून नीट पचलेलं नाही.

हैदराबादकडच्या एका पंपाच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली. दौंड स्टेशनवर मी त्याला सोडायला गेलो. दुपारची वेळ, गाडीला इंजिन लागत होतं. आयोग खिडकीत बसायचं सोडून माझ्याजवळ फलाटावर उभा. ‘आण्णांकडनं आता समदी आखूडच मशिनं जाणार. मी हुतो तवा निदान इचारत तरी हुतो. मंग माझं जाणं बरुबर का ऱ्हाणं?’

‘गाडी सुटतीय. चढ,’ मी म्हणालो.

तो चढला. दारात उभा राहून तो आणखी काहीतरी विचारत होता, पण ते चाकांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. तेव्हा मला हायसं वाटलं. आता वाटतं, गाडीबरोबर चार पावलं पळायला काय हरकत होती?

मीही एका कारखान्यात डिझाइनलाच आहे. आता सगळं कॉम्प्युटरवर. नवं ड्रॉइंग उघडलं की ‘ह्ये कोण वापरणार हाय?’ हे कानाशी येतंच. कधी मी ते मीटिंगमध्ये विचारतो. लोक घड्याळाकडे बघायला लागतात. उत्तर मिळालं असं क्वचितच होतं. आयोगाचा फोन अधूनमधून येतो. दहा मिनिटं तो मला काहीतरी विचारतो आणि आम्ही दोघं गोंधळून फोन ठेवतो.

मधे कामानिमित्त शिरूरला गेलो होतो, तर वाट वाकडी करून कवठ्याला जाऊन आलो. आबा राहिले नाहीत. आई आता फारच वाळली आहे, पण गाया आहेत आणि मशीनही तेच आहे. अंगणातली पन्हळ गंजलीय, तरी कोंबड्या तिच्यातच टिपतात. आई हिरव्या मक्याचा भारा ओढत होती. मला राहवेना. तिच्या हातातनं पेंढी घेतली आणि मशिनच्या तोंडाशी गेलो.

तिनं माझ्या हातावर सणकन चापट मारली.

‘तू न्हाई घालायची. तुझा हात लांब हाय.’

‘आई, मी जपून—’

‘न्हाई म्हंती ना. हैद्राबादला जाताना बजावून गेलाय त्यो मला. आजून फोन करतू तवा इचारतू. म्हंतू, आई, कुणी बी घालू दे, पर त्यो लांब हाताचा आला तर त्याला मशिनीपाशी जाऊ दिऊ नको.’

पेंढी तिनं काढून घेतली. मी बाजूला झालो. तिचा बारका हात मशिनच्या तोंडात जात होता, बोटं रोलरच्या अलीकडे थांबत होती आणि हात रिकामा होऊन परत येत होता. तिची वैरण संपली, मशीन थांबलं, तरी माझा हात कुठं ठेवावा ते मला कळत नव्हतं.