सॉरीबाईंचं दार

सॉरीबाईंच्या पायावर तुम्ही पाय दिलात, तरी सॉरी त्याच म्हणायच्या. इंग्लंडातल्या रीडिंग गावात त्या माझ्या शेजारी राहायच्या. मूळच्या कॅनडाच्या. तिकडे सगळेच असे असतात म्हणे. नाव आमच्या हिनं ठेवलेलं.

दुसरी सवय दार धरण्याची. मागचा माणूस अजून फाटकापाशी असला, तरी बाई दार धरून उभ्या. त्या बिचाऱ्याला उगीच धावत यावं लागे.

दाराशी बुटांसाठी रबरी तबक होतं, बर्फाच्या देशातलं. घरात त्या मोज्यांवरच वावरायच्या. तबकात दोन जोड असत. एक त्यांचा, दुसरा सहा वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याचा. ऐन ऑगस्टात, आठवडाभर थेंब पडला नसताना, तो मोठा जोड मला ओला दिसला. मी विचारलं नाही. मला त्यांचं घर हवं होतं.

ऑफिसांच्या फरशा पुसत मी या देशात उभा राहिलो. आता पुण्याहून येणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांना खोल्या द्यायच्या होत्या. तीन महिने घासाघीस करून, नोव्हेंबरात, बाईंना एकदाचं हो म्हणायला लावलं. निरोप घेऊन बाहेर पडलो, तर त्या दार धरून उभ्याच.

"कोणासाठी?" मी विचारलं.

"येतोय तो."

रस्ता रिकामा होता. थंडी मी म्हणत होती. माझं डोकं फिरलं. त्यांच्या हातातून दार ओढून मी धाडकन लावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी व्यवहार मोडला. "सॉरी. तुम्ही दार लावलंत, तो बाहेर राहिला. तो आत आल्याशिवाय मला जाता येणार नाही."

हिवाळाभर मी धुमसत होतो. रोज सकाळी बाई उघड्या दारात उभ्या दिसायच्या. मार्चमध्ये भांडायलाच गेलो, तर त्या थंडीनं काळ्यानिळ्या पडलेल्या.

"तुम्ही कोट घाला, मी दार धरतो," मी चिडूनच म्हणालो.

त्या आत वळल्या. काही वेळानं ओल्या लोकरीचा वास आला. मी बाजूला सरलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सॉरी."

आतून बाई म्हणाल्या, "थँक यू."

घर मला ठरल्या किमतीला मिळालं. जन्मात पहिल्यांदाच मी कमी करा म्हणालो नाही. बाई बहिणीकडे कॅनडाला गेल्या. दोन्ही जोड नेले, तबक ठेवलं.

खोल्या पुन्हा पुन्हा रिकाम्या होतात. पुण्याची मुलं महिन्याभरात निघून जातात. सकाळी तबकात पाणी साचलेलं असतं. मी ते ओततो, आणि दार जरा वेळ धरून उभा राहतो.

माझी तक्रार एकच आहे. त्याला त्यांनी बरोबर नेलं की माझ्याकडे ठेवलं, एवढं तरी व्यवहाराच्या वेळी सांगायला हवं होतं.