तिचा न दुखणारा गुडघा

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी विषय काढलाच, तर मी आंब्याच्या मोहोरावर बोलायला लागायचो, मग मोहोराचा महिना असो वा नसो. आता माझं मोहोरावरचंही कुणी ऐकून घेत नाही. तेव्हा लिहून टाकतो.

बायकोला स्तनाचा कॅन्सर झाला होता. मुंबईत मुलाकडे राहून ऑपरेशन, मग केमो, सगळं पार पडलं. आता घरी जा आणि मोकळेपणानं जगा, असं डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, की यांच्या मनात काय चाललंय तेही विचारत जा. मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

परत येताना हातखंब्याला चहासाठी गाडी थांबवली, तर टपरीवर आमचा शेजारीच उभा. वहिनी इतके महिने मुंबईला कशा, असं त्याने विचारलं. खरा शब्द काही माझ्या तोंडातून निघेना.

"गुडघ्याचं ऑपरेशन," मी म्हणालो. कॅन्सरपुढे गुडघा मला अब्रूदार वाटला.

बायको तेव्हा गाडीतून उतरत होती. तिने ऐकलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लंगडत चहाला आली.

तिथून पुढे ती लंगडतच राहिली. वाडीतल्या बायका भेटायला यायच्या आणि गुडघ्याला चोळायचं तेल देऊन जायच्या. केस गेलेले कुणाच्या लक्षात आले, तर गोळ्या उष्ण पडल्या असं मीच ठोकून द्यायचो. कुठला गुडघा, असं एकीने विचारलं तेव्हा मी डावा म्हणालो आणि त्याच वेळी बायको उजवा म्हणाली. मग मी दोन्ही करून टाकले. तिला एकटं वाटत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. घर तर सदा बायकांनी आणि तेलाच्या बाटल्यांनी भरलेलं.

खरी पंचाईत गौरी-गणपतीत झाली. फुगडीत वाडीत हिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि डॉक्टरांचीही हरकत नव्हती. पण दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली बाई फुगडी कशी घालणार? ती खुर्चीत बसून टाळ्या वाजवत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, बरी झाल्याचा आनंद मी कुणापाशी करू? मी आजारीच नव्हते ना."

"माझ्यापाशी कर की," मी म्हणालो आणि आरतीची वेळ झाली म्हणून उठलो.

पुढे त्याच शेजाऱ्याच्या सुनेला छातीत गाठ लागली. पोर तपासून घ्यायला घाबरत होती. बायको उठून तिच्याकडे गेली, न लंगडता. जवळ बसून तिला स्वतःचं सगळं सांगितलं आणि तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली. गाठ साधी निघाली, पण माझं बिंग फुटलं. बायका घरी आल्या तेव्हा मी आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडलो, जणू पेशंट मीच. बाहेर त्या रडत होत्या, हीसुद्धा रडत होती. इतक्या दिवसांत ती माझ्यासमोर कधी रडली नव्हती. मग शेजारीण म्हणाली, "वहिनी, माझी तेलाची बाटली तेवढी परत दे गो." आणि सगळ्या हसत सुटल्या.

पुढच्या गणपतीत तिने पदर खोचला. मी पडवीत बसून मनात वाक्य घोकत होतो: घाबरलो मी होतो आणि लंगडायला तुला लावलं, चुकलं माझं. घामाघूम होऊन ती माझ्याशेजारी येऊन बसली. मी पाणी दिलं. पाणी पिऊन ती भांडं हातात धरून माझ्याकडे बघत थांबली. मी तोंड उघडलं.

"गुडघ्याला जप हो," मी म्हणालो.

हसता हसता तिला ठसका लागला. मी तिची पाठ चोळत राहिलो. ते वाक्य अजून तसंच आहे, पाठ आहे मला.