बाकावर बसलेली नायिका

खून, दरोडे पाहिले, ते आता धूसर झाले; एका कापलेल्या वेणीचं प्रकरण मात्र काल घडल्यासारखं डोळ्यांसमोर आहे. घरची मंडळी तेच पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. त्यात मी मूर्ख ठरतो, हे त्यांच्या आवडीचं खरं कारण.

साठ सालानंतरची गोष्ट. मारेगावच्या बाजूच्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. गावात नाटक कंपनीचा तंबू लागला होता. नायिकेचं काम अठरा वर्षांचा एक मुलगा करी. मुली त्याच्यासारखा अंबाडा घालत, पोरं त्याची पदं गुणगुणत. आमच्याही घरी त्याचा फोटो होता. तो कोणी आणला, यावर पत्नीचं आणि माझं अजून एकमत नाही.

एका सकाळी कंपनीचे मालक धापा टाकत आले. "फौजदारसाहेब, माझी नायिका पळवली! संध्याकाळी खेळ आहे."

मी फिर्याद घेतली, फोटो मागितला. त्यांनी नऊवारीतला दिला. तोच शिपायांच्या हाती देऊन मी नाकेबंदी लावली. अख्खं ठाणं एका बाईच्या शोधात निघालं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

एवढ्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक तरुण आत आला. "सायेब, एक अर्ज द्याचा होता."

"दिसत नाही, माणूस हरवलाय? बस त्या बाकावर."

तो बसला.

दुपारी खबर आली की बाजारातल्या न्हाव्याकडे हातभर लांब वेणी आहे. हवालदारांनी त्याला वेणीसकट आणलं. मी आवाज चढवला, "केस कापायला कोणी लावलं? त्या पोराला चाकू दाखवला होता का?"

"चाकू कायचा सायेब? वस्तरा तं माह्याच हाती होता. तो एकटाच आला. म्या तीनदा विचारलं, काहून कापतं बाप्पा? म्हणे, काप. मंग कापली."

"मग गेला कुठे?"

"ठाण्यात जातो म्हणे."

हवालदारांनी बाकाकडे पाहिलं. मग मी पाहिलं. तरुणाने दुपट्टा सोडला. मानेवर बारीक केस अजून चिकटलेले होते.

"सकाळपासून बसून राह्यलो सायेब," तो म्हणाला. "तुमचा शिपाई मलेच फोटो दाखवून गेला. म्हणे, ही बाई पाह्यली का?"

वेणीची खबर ऐकून ठाण्यात आलेले मालक मात्र मानेनात. "हा नव्हेच तो. गाऊन दाखव म्हणा."

तो उभा राहिला आणि नायिकेचंच पद गायला; पण आवाज भारदस्त, पुरुषी. कोठडीतला एक दारुडासुद्धा उठून बसला.

"हा आवाज कोण ऐकेल?" मालक पुटपुटले.

"ऐकतीन का नाई, ते पाहू तं द्या. दोन वर्षांपासून घसा दाबून गातो. पडदा पडला का थुंकीत रक्त येते. अजून एक हंगाम असा गेला तं बोलाले बी आवाज राहणार नाई."

मालक खाली बसले. ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, असं त्यांच्या चेहऱ्यावरून तरी वाटलं नाही.

शाळेच्या दाखल्यावरून मुलगा सज्ञान होता. आपल्या मर्जीने नायिकेचं काम सोडतोय, असा त्याचा अर्ज आणि जबाब घेतला, अपहरण नाही अशी डायरीत नोंद केली. संध्याकाळी राजाचं काम करणारा नायिका झाला आणि हा राजा. मी बंदोबस्ताला, अर्थातच पहिल्या रांगेत. "आमची नायिका आणा!" म्हणून लोकांनी तंबू डोक्यावर घेतला. त्याने ओरडा ओसरू दिला आणि मग तो गायला. लोक एकदम शांत झाले, असं मी सांगणार नाही. दुसऱ्या कडव्यापर्यंत शिट्ट्या थांबल्या. शेवटी मात्र तेच पद पुन्हा मागितलं.

पुढे तो नट आणि गायक म्हणून विदर्भभर गाजला.

मला त्या दिवशी एवढंच कळलं की आपण ज्याला शोधतो त्याचं चित्र आधीच डोक्यात पक्कं असलं, तर समोरचा माणूस दिसत नाही. निवृत्तीपर्यंत ठाण्यात शिरलो की आधी बाकावरच्यांना विचारायचो, "तुमचं काय?"

वेणी मी मुद्देमालात नोंदवली होती. कंपनीचा तंबू उठला तेव्हा त्याला बोलावून म्हटलं, "सही कर आणि घेऊन जा."

तो हसला. "राहू द्या सायेब. मले आता तिचं काम नाई. तुम्हाले कधी माणूस ओळखाले कामी येईन."